दुर्मीळ स्पोर्ट्स कार कोणाच्या हाती द्यावी?

प्रश्न : वडिलांनी जपलेली १९६७ सालची जॅग्वार ई-टाइप आता माझ्याकडे आली आहे. घरात मॉरिस होती तेव्हापासून आमच्या गाड्या पाहणारे मिस्त्रीकाका म्हणतात, ‘कशाला कुठे नेता, मी करतो.’ त्यांच्यावर सोपवावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : काही कामे निश्चिंतपणे सोपवा, काही मात्र मुळीच नको. आपल्या गाडीवर एस.यू. बनावटीचे तीन कार्ब्युरेटर आहेत आणि मॉरिसवरही त्याच घराण्यातला एक होता. तिन्हींचा श्वास कानाला नळी लावून सारखा करणारे हात आता फार थोडे उरले आहेत, आणि आपले काका त्यांतले असतील तर ते काम त्यांच्याकडेच राहू द्यावे. प्लग, पॉइंट, ऑइल बदलणे, कूलंटच्या नळ्या यांसाठीही दुसरीकडे जाण्याचे कारण नाही.

पुढच्या कामांसाठी मात्र त्यांना एक साधा प्रश्न विचारा : क्लच प्लेट बदलायला किती दिवस लागतील? ‘गिअरबॉक्स खालून उतरवतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा,’ असे उत्तर आले, तर त्यांनी ई-टाइप कधी उघडलेली नाही हे समजावे. या गाडीचा गिअरबॉक्स एकटा खाली येत नाही. पुढचे लांबलचक बॉनेट काढून इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच बाहेर काढावे लागतात. मागच्या ब्रेकची गोष्टही तशीच आहे. त्यांच्या डिस्क चाकांजवळ नसून आत डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना गती वाटून देणाऱ्या पेटीला) लागून आहेत, त्यामुळे तिथले ऑइल सील गळू लागले की तेल थेट डिस्कवर उतरते आणि ब्रेक का लागत नाहीत याचा शोध बिचारा मिस्त्री चाकांत घेत बसतो. हे काम नीट करायचे, तर मागचा सगळा सांगाडा खाली घ्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये उभे राहून आपल्या डोळ्यांनी पाहा. या गाडीचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर आपल्याकडचा १३ नंबरचा पाना बसतो, पण सैल बसतो. जोर लावला की घसरतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. गाडीवर असे गोल झालेले नट दिसले, तर यापूर्वी तिथे कोणाचा हात फिरला आहे हे कळते. ज्याच्या पेटीत इंची पान्यांचा वेगळा संच नाही, त्याच्याकडे ही गाडी देऊ नये, मग त्याच्या भिंतीवर कितीही फोटो टांगलेले असोत.

जाता जाता : आपली गाडी ५० वर्षांपुढची आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. ‘त्यापेक्षा जपानी इंजिन बसवू, कटकट संपेल,’ असा सल्ला कोणी दिला, तर नम्रपणे नाही म्हणावे.

प्रश्न : माझी २००२ची पोर्शे ९११ (९९६ या पिढीची) आहे आणि क्लच घसरू लागला आहे. कंपनीचे अधिकृत सेंटर महाग पडते. स्वतंत्र तज्ज्ञ बरेच आहेत, पण सगळेच ‘आम्ही पोर्शेच करतो’ म्हणतात. निवड कशी करावी? (एक वाचक, स्लाव, इंग्लंड)

उत्तर : आपल्या गाडीच्या बाबतीत क्लचचे काम ही तज्ज्ञाची उत्तम परीक्षा आहे. या इंजिनात क्रँककडून (पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टकडून) गती घेऊन ती साखळ्यांनी कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टपर्यंत) पोहोचवणारा मधला शाफ्ट आहे, आणि त्याच्या एका टोकाचे बेअरिंग हे या इंजिनाचे कुप्रसिद्ध दुखणे आहे. ते सीलबंद असते. आतले ग्रीस कालांतराने धुऊन जाते, बेअरिंग सुटते, टायमिंग चुकते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपते. असे प्रत्येक गाडीत होते असे नाही, किंबहुना बहुसंख्य गाड्यांत होत नाही. पण त्या बेअरिंगपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि क्लचसाठी तो उतरणारच आहे. आपण काही बोलण्याआधी जो स्वतःहून हा विषय काढत नाही, त्याची पाटी काहीही म्हणो, त्याला हे इंजिन माहीत नाही.

मग त्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, बेअरिंगचे झाकण काढण्यापूर्वी इंजिन कसे लॉक करता? क्रँक नेमक्या जागी अडकवून, कॅम धरून, साखळ्या ताणून धरणारे टेन्शनर सैल करून, अशा क्रमाने त्याने सांगायला हवे. ‘ते आम्ही बघतो’ हे उत्तर नव्हे. दुसरा, आधी जुना ऑइल फिल्टर कापून पाहणार का? हे काम आपल्यासमोर करायला सांगावे. फिल्टरच्या कागदाच्या घड्या कात्रीने सुट्या करून पांढऱ्या कापडावर पसरल्या की काय ते दिसते. चुंबकाला चिकटणारे चकचकीत कण किंवा सीलचे काळे तुकडे सापडले, तर बेअरिंग झिजायला लागलेले असू शकते आणि कण तेलाबरोबर इंजिनभर फिरलेले असतात. अशा वेळी नवे बेअरिंग घालण्यात अर्थ नसतो, आणि चांगला तज्ज्ञ ते काम नाकारतो. ज्याने असे काम नाकारल्याचे एखादे उदाहरण सांगितले, त्याच्याकडे मी डोळे मिटून गाडी दिली असती.

अधिकृत सेंटरला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही, मात्र तिथे आपली गाडी कोण उघडणार आहे, आणि त्या माणसाने ९९६ शेवटची केव्हा उघडली होती, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. (आपली ९९६ टर्बो किंवा जीटी३ आवृत्तीची असेल, तर इंजिनच निराळे आहे आणि बेअरिंगची ही चिंता सोडून द्यावी.)

प्रश्न : सर्व्हिस बुकात सगळे शिक्के वेळेवर आहेत. तेवढे पुरेसे नाही का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. शिक्का तारीख सांगतो, काम सांगत नाही. भागांचे क्रमांक लिहिलेली बिले मागावीत.

प्रश्न : माझी फेरारी एफ३५५ वर्षाला जेमतेम हजार मैल चालते. एक गॅरेज म्हणते, टायमिंग बेल्ट (कॅम फिरवणारा पट्टा) बदलण्यासाठी इंजिन उतरवावे लागेल. दुसरे म्हणते, इंजिन जागेवर ठेवून निम्म्या खर्चात करू. मुळात इतक्या कमी वापरात बेल्ट बदलण्याची गरज आहे का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. गरज आहे. रबराचे वय मैलांवर नव्हे, वर्षांवर मोजले जाते आणि उभ्या गाडीत बेल्ट एकाच वळणावर महिनोन्‌महिने दाबलेला राहतो. ३ ते ५ वर्षांत तो बदलावा, असे मानणाऱ्यांतला मी आहे.

इंजिन न उतरवता बेल्ट बदलणारे लोक आहेत, आणि तसे करणे अशक्य नाही. पण एफ३५५च्या मालकाला बेल्टपेक्षा जास्त चिंता असावी ती इतर गोष्टींची : सुरुवातीच्या गाड्यांतले मऊ व्हॉल्व्ह गाइड, तडा जाणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टेन्शनरची बेअरिंगे, उष्णतेने कडक झालेल्या नळ्या. मागच्या सांगाड्यासकट इंजिन खाली आले की हे सारे हाताशी येते. एफ३५५नंतरच्या ३६० मॉडेलात सीटमागच्या झाकणातून बेल्टपर्यंत पोहोचता येते. दुसऱ्या गॅरेजचा अनुभव त्या गाडीचा आहे की आपल्या, हे विचारून घ्यावे. मी पहिल्या गॅरेजकडे जाईन, पण एका अटीवर. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरची लीक-डाउन चाचणी (आत दाबाने हवा भरून व्हॉल्व्ह आणि पिस्टनपाशी ती किती गळते हे मोजणे) करून आकडे लेखी द्यावेत. व्हॉल्व्ह ४० आहेत. नंतर वाद नको.

प्रश्न : माझ्याकडे सॅन स्टॉर्म ही भारतीय बनावटीची छोटी स्पोर्ट्स कार आहे. कंपनीचे सर्व्हिस सेंटर कुठेच उरलेले नाही. या गाडीचा तज्ज्ञ मिळेल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : सॅन स्टॉर्मचा म्हणून शोधू नका, गाडीचे तीन भाग करा आणि तीन माणसे शोधा. इंजिन ११४९ सीसीचे, रेनॉचे आहे. युरोपात ते क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांतून लाखोंनी धावले, त्यामुळे टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, गॅस्केट हे भाग सॅनच्या नावाने मिळाले नाहीत तरी इंजिनाच्या क्रमांकावरून परदेशातून मागवता येतात. बसवायला कोणताही शिस्तीचा मेकॅनिक चालेल, फक्त त्याने टायमिंगच्या खुणा अंदाजाने जुळवू नयेत.

बॉडी फायबरग्लासची आहे. तिला पत्र्याचे काम करणाऱ्या डेंटरकडे नेऊ नका. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर आपल्या आसपासच असतील; तडा कुठवर घासून काढायचा आणि काचतंतूंच्या मॅटचे किती थर द्यायचे हे त्यांना जास्त कळते.

तिसरा माणूस वायरमन, आणि खरी गफलत त्याच्याकडे होते. पत्र्याच्या गाडीत दिव्याची ‘अर्थ’, म्हणजे विजेची परतीची वाट, बॉडीतूनच मिळते. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थची स्वतंत्र वायर लागते. अशाच एका फायबर बॉडीच्या गाडीत इंडिकेटर दिला की मागचा ब्रेक लाइट मंद लुकलुकायचा. मी दोन संध्याकाळी स्विच आणि फ्लॅशर बदलण्यात घालवल्या. दोष निघाला डिकीतल्या एका गंजलेल्या स्क्रूत, जिथे चार काळ्या वायरी एकत्र आवळल्या होत्या. गोव्याच्या दमट हवेत आपणही सुरुवात तिथूनच करा : तो स्क्रू काढून, टोके कानशीने घासून, वर थोडे व्हॅसलीन लावून पुन्हा आवळावा, आणि मगच वायरमनला बोलवावे.