पडल्याला चार महिने झाले, चेहरा अजून उडतो. काळजी करू का?

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरून डावा गाल बेसिनच्या कडेवर आपटला, डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आला, पण डाव्या डोळ्याखाली आणि ओठाच्या कोपऱ्यात अजून मधूनमधून उडतं. मेंदूला काही झालं असेल का, आणि घराजवळच्या फिजिओथेरपीत सुचवलेला करंट, म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंना यंत्राने दिलेले विजेचे हलके झटके, घ्यावा का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देते. घेऊ नका. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, चेहऱ्याच्या नसेचे पेशंट बघते, आणि हा सल्ला माझ्याच व्यवसायातून तुम्हाला मिळावा याचं मला वाईट वाटतं.

आता उडतं म्हणजे नेमकं काय होतं, ते बघा. फक्त खालच्या पापणीत किडा वळवळल्यासारखी लहर येत असेल आणि समोरच्याला ती जेमतेम दिसत असेल, तर ते अपुरी झोप, ताण आणि जास्तीच्या चहा-कॉफीचं काम. काही दिवस, कधी काही आठवडे चालतं आणि जातं. पडण्याशी त्याचा बहुधा संबंध नसतो, पडल्यापासून तुमचं तिकडे लक्ष जास्त असतं एवढंच. डावा डोळा लवतो की उजवा, यावरून घरात शकुन-अपशकुन निघतील, ते सोडून द्या.

पण तुमच्याकडे डोळा आणि ओठ दोन्ही आहेत. म्हणून आरशासमोर बसा. ओठांचा चंबू करा, डावा डोळा बारीक होतो का? मग डोळे अलगद मिटा आणि घरातल्या कुणाला तरी ओठाचा कोपरा बघायला सांगा, तो ओढला जातो का? होत असेल तर त्याला सिनकायनेसिस म्हणतात. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातून बाहेर पडून गालात पाच मुख्य शाखांत फुटते. मार बसला की आतले तंतू तुटतात आणि दिवसाला साधारण 1 मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतात. वाढताना काही तंतू वाट चुकतात. ओठाकडे जायचा तंतू पापणीत शिरतो, मग हसायचा हुकूम सुटला की डोळाही मिटतो. तंतूंना पोचायलाच महिने लागतात, त्यामुळे हे साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर दिसू लागतं. मात्र त्याआधी त्या बाजूला कमजोरी असायला हवी. चूळ भरताना पाणी ओघळणं, घास गालात साचणं, डोळा पुरता न मिटणं, असं पहिल्या आठवड्यांत काही झालं होतं का, ते आठवा.

करंटबद्दल मी एवढी ठाम का, ते एका पेशंटवरून सांगते. पंचेचाळिशीच्या शिक्षिका. स्पीडब्रेकरवर दुचाकीच्या मागच्या सीटवरून पडल्या, कानातून रक्त आलं, कानामागच्या हाडाला चीर. तोंड लगेच वाकडं झालं नाही, तिसऱ्या दिवशी झालं. हा फरक फार मोलाचा आहे. उशिरा आलेल्या कमजोरीत नस बहुतेक वेळा तुटलेली नसते, सुजलेली असते, आणि चेहरा चांगला परत येतो. त्यांचाही यायला लागला होता. पण नातेवाइकांनी ‘वारं गेलंय’ म्हणून घाई केली, आणि एका केंद्रात रोज 20 मिनिटं करंट, शिवाय घरी फुगे फुगवा, च्युइंगम चघळा, जितका जोर लावता येईल तितका लावा, असं तीन महिने चाललं. माझ्याकडे आल्या तेव्हा कमजोरी जवळपास गेली होती, पण गाल दोरीसारखा ताठ, हसलं की डावा डोळा बंद, पापणी लवली की हनुवटी थरथरायची. वर्गात शिकवताना त्या तोंडावर रुमाल धरायच्या. त्यांना परत मोकळं हसता यायला दीड वर्ष लागलं.

करंट एका बारीक स्नायूपुरता राहत नाही, आसपासचे सगळे एकदम आखडतात. जोराच्या व्यायामातही तेच होतं. जे वेगळं करायला शिकवायचं, तेच तुम्ही रोज एकत्र करून घेता. शिवाय हातापायांच्या स्नायूंत ताण मोजणारी जी रचना असते, ती चेहऱ्याच्या स्नायूंत जवळजवळ नसतेच. चेहरा काय करतोय हे न बघता कळत नाही, म्हणून आरसा हवाच.

आरशासमोर सिनकायनेसिस दिसलं तर करायचं ते असं. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, जास्त नाही. हात धुऊन अंगठा गालाच्या आत, तर्जनी बाहेर, आणि जिथे ताठ गाठ लागेल तिथे 20-30 सेकंद धरून ओठाच्या दिशेने हळू ओढायचं. मग आरशात बघत अगदी बारीक स्मित, डोळा उघडा ठेवून, 2-3 सेकंद, आणि सैल सोडायचं. पाच वेळा. डोळा बारीक होऊ लागला की स्मित आणखी लहान करायचं, जोर वाढवायचा नाही. एवढ्याने भागलं नाही तर जादा ओढणाऱ्या स्नायूंत ते सैल करणारी बोटुलिनमची इंजेक्शनं देतात, त्यांचा परिणाम तीन-चार महिने टिकतो.

चंबूचा, हसण्याचा काही संबंध नसताना, अगदी झोपेतही एकाच बाजूला झटके येत असतील, आधी डोळ्याभोवती आणि काही महिन्यांनी गालात उतरले असतील, तर तो हेमिफेशियल स्पाझम असू शकतो. त्यात डोळा आवळतो तेव्हा त्याच बाजूची भुवई बऱ्याचदा वर जाते. बहुतेकांत मेंदूच्या बुंध्यापाशी एखादी रक्तवाहिनी नसेवर टेकलेली असते. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्टकडे जा. मेंदूच्या बुंध्याचा बारीक छेदांचा एमआरआय वेगळा सांगून करावा लागतो, सीटीत हे दिसत नाही.

डॉक्टरकडे जाताना मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ न्या. खिडकीसमोर बसा, चेहरा पूर्ण दिसू द्या. आधी 20 सेकंद नुसतं बसा, मग भुवया वर, डोळे अलगद मिटून, मग घट्ट मिटून, दात न दाखवता हसू, दात दाखवून हसू, चंबू. आपोआप उडतं तेव्हाचाही घ्या, तपासणीच्या खोलीत ते हमखास थांबतं.

शिक्षिकाबाईंचं जे झालं ते करंटमुळेच झालं हे मी सिद्ध करू शकत नाही, नस सुधारताना काहींत ते तसंही होतं. नस पूर्ण बंद पडलेल्यांत करंटचा उपयोग होतो असं मानणारे जाणकारही आहेत. तुमचा चेहरा हलतोय, म्हणून तुमच्यासाठी माझं मत बदलत नाही.

आणि मेंदूचं. झटके तालात, एकामागून एक येत असतील, ओठाकडून अंगठ्याकडे किंवा हाताकडे पसरत असतील, त्या वेळी बोलता येत नसेल, तर ती फिट असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, करून घ्या. वय साठच्या पुढे असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, आणि सोबत डोकेदुखी, गुंगी, चालताना तोल जाणं असेल, तर पहिल्या दिवशीच्या नॉर्मल सीटीवर विसंबू नका. डोक्यात रक्त हळूहळू साचायला आठवडे लागू शकतात. पडल्यावर चक्कर-मळमळीसाठी दिलेलं प्रोक्लोरपेराझिन किंवा मेटोक्लोप्रामाइड अजून चालू असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा. त्यांनीही तोंडाच्या, जिभेच्या नको त्या हालचाली होतात. मात्र कुठलंही औषध मनाने बंद करू नका.