एलएलबी शिकत असतानाच रुग्णालयांशी संबंधित काम करता येतं का?

तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात आणि विचारताय की सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळायच्या आधी रुग्णांसाठी असं कायद्याचं काम करता येईल का, त्यातून पैसे सुटतील का. काम करता येतं. मी दुसऱ्या वर्षालाच केलं.

पुण्यात आमच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींचे यजमान परांचीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मोठ्या रुग्णालयात नेलं, तर आधी पन्नास हजार डिपॉझिट भरा म्हणाले. मावशी मंगळसूत्र मोडायला निघाल्या. रुग्णालय ट्रस्टचं होतं आणि मी नुकताच ट्रस्टना लागू असलेला महाराष्ट्राचा १९५०चा सार्वजनिक विश्वस्त कायदा वाचला होता. त्यातलं कलम ४१ एए आणि त्याखालची मुंबई उच्च न्यायालयाची २००६ची योजना डोक्यात ताजी होती: धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धनांना मोफत द्यायच्या, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागायची नाही.

सोशल वर्कर म्हणाले, "खाटा भरल्यात." मी म्हटलं, तसं लिहून द्या. लिहून देईनात. मग तिथेच बाकावर बसून मी हाताने एक पानी अर्ज लिहिला, पिवळ्या रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली, खाली "प्रत: धर्मादाय सह आयुक्त" (ट्रस्टवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी) असं लिहिलं आणि अर्ज मिळाल्याचा आवक शिक्का मागितला. शिक्क्यासाठी पाऊण तास उभी होते. शिक्का पडला आणि संध्याकाळी खाट मिळाली. ऑपरेशन झालं, एक रुपया भरावा लागला नाही.

माझे काका जिल्हा न्यायालयात वकील आहेत. दिवाळीत सगळ्यांसमोर म्हणाले, "सनद नाही तोवर कागदाला हात लावायचा नाही. ही समाजसेवा झाली, वकिली नव्हे." मला ते आजही पटत नाही. कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या कलमाखाली, कोणता पुरावा जोडून मागायचं हे ज्याला कळतं, तो वकिलीच शिकत असतो. त्या बाकावर मी जे शिकले, ते मूट कोर्टात, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यात, कधी मिळालं नाही.

तेव्हा कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रात नाव द्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक व्हा. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप करायचीच असते, ती रुग्णहक्कांवर काम करणाऱ्या संस्थेत करा. केसपेपर मिळत नसतील तर २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेतली ७२ तासांची मुदत दाखवून अर्ज लिहून द्या. मानधन किरकोळ असतं, त्यावर खोलीभाडं निघणार नाही.

हे सगळं महाराष्ट्रापुरतं सांगतेय. फी घेऊ नका, वकीलपत्रावर सही करू नका, स्वतःला वकील म्हणवू नका. आणि डॉक्टरच्या निष्काळजीपणाची तक्रार आली तर लगेच सनदधारक वकिलाकडे पाठवा. ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते, ती तुमच्या शिकण्यात निघून गेली तर नुकसान रुग्णाचं होतं. तेवढ्यापुरतं काकांचं मी मानते.