जर्मनमध्ये आपल्या भावाबहिणींबद्दल कसं सांगायचं?

तुम्ही लिहिलंय की ए-वनचा, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीचा, वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले, 'आइन, आइने, आइनेन' या 'एक'च्या रूपांत गोंधळ उडतोय आणि दादा, ताई, मामेभाऊ यांना जर्मनमध्ये काय म्हणायचं ते कुणी सांगत नाही. मी पुण्यात जर्मन शिकले, आता म्युनिकमध्ये राहते. आधी माझी फजिती सांगते, तुमचा अर्धा प्रश्न त्यातच आहे.

वर्गात बाईंनी विचारलं, "हाबेन झी गेश्विस्टर?" म्हणजे तुम्हाला भावंडं आहेत का? मी कराडच्या एकत्र कुटुंबात वाढलेली. बोटांवर मोजलं आणि ठोकून दिलं, "इख हाबे एल्फ ब्रूडर." मला अकरा भाऊ आहेत. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. "फॉन आइनर मुटर?" एका आईचे? वर्गात हशा फुटला. सख्खा भाऊ मला एकच, बाकीचे दहा चुलत, आते, मामे, मावस. पण त्यांना 'भाऊ' सोडून दुसरं काही म्हणायची सवयच नव्हती.

जर्मनमध्ये 'ब्रूडर' म्हटलं की तो सख्खाच धरतात. बाकी सगळे 'कुझें', बहिणी असतील तर 'कुझीने'. चुलत, मामे असा भेद त्या शब्दात नाही. फारच गरज पडली तर 'आईकडचा', 'वडिलांकडचा' असं वेगळं जोडून सांगतात, पण ए-वनला त्यात पडू नका. 'फेटर' हा जुना शब्द कधीतरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ऐकू येईल, तोही कुझेंच.

'गेश्विस्टर' हा शब्द मात्र आपल्याला सोपा जातो. हिंदीत 'भाई-बहन' म्हणावं लागतं, आपल्याकडे 'भावंडं' आहे. गंमत अशी की आपल्या शब्दात भाऊ दिसतो आणि त्यांच्या शब्दात बहीण, श्वेस्टर. मोजायची रीतही जुळते. "आम्ही तिघं भावंडं" म्हणजे "वीर झिंट द्राय गेश्विस्टर", यात बोलणारा धरलेला असतो. "इख हाबे त्स्वाय गेश्विस्टर" म्हणजे मला सोडून दोघं. फरक एवढाच की रोजच्या बोलण्यात गेश्विस्टर अनेकवचनीच वापरतात. एकच भावंड असेल तर भाऊ की बहीण ते सांगून टाकायचं. मुळीच नसेल तर "इख हाबे काइने गेश्विस्टर" किंवा "इख बिन आइन्त्सेलकिंड", मी एकुलती एक.

म्युनिकला आले तेव्हा विद्यापीठासमोर 'गेश्विस्टर-शोल-प्लात्स' अशी पाटी दिसली. पहिल्या क्षणी मला वाटलं, गेश्विस्टर हे कुणाचं तरी पहिलं नाव असावं. ते हान्स आणि सोफी शोल हे भाऊबहीण. हिटलरविरोधी पत्रकं याच विद्यापीठात टाकताना 18 फेब्रुवारी 1943ला पकडले गेले आणि चारच दिवसांनी त्यांना मारण्यात आलं. तो 24 वर्षांचा, ती 21. जर्मनीत त्यांच्या नावाच्या शाळा आणि रस्ते जागोजागी आहेत. त्यानंतर हा शब्द मला पुन्हा पाठ करावा लागला नाही.

आता तुमचं 'आइनेन'. गोची मराठीमुळे होते असं माझं मत आहे. आपण म्हणतो "मला एक भाऊ आहे". या वाक्यात कर्ता भाऊ आहे, म्हणून दोन झाले की 'आहेत' होतं. जर्मन माणूस म्हणतो "मी एक भाऊ बाळगतो", इख हाबे. कर्ता 'मी' झाला, भाऊ कर्म झाला, आणि कर्म झालं की पुल्लिंगी शब्दाचा 'आइन' बदलून 'आइनेन' होतो. फक्त पुल्लिंगीचा. बहिणीला काही होत नाही.

"इख हाबे आइनेन ब्रूडर." "इख हाबे आइने श्वेस्टर." नकारातही तसंच: काइनेन ब्रूडर, काइने श्वेस्टर.

लगेच पुढच्या वाक्यात भाऊ पुन्हा कर्ता होतो: "माइन ब्रूडर हाइस्ट...", म्हणजे माझ्या भावाचं नाव अमुक. इथे 'माइनेन' आलं की समजा गाडी रुळावरून घसरली. ही दोन वाक्यं मी जोडीनेच घोकली, भांडी घासताना, बसच्या रांगेत. इख हाबे आइनेन ब्रूडर, माइन ब्रूडर हाइस्ट अमुक. कान तयार झाला की नियम आठवावा लागत नाही. ('इख'मधला ख खरा ख नाही, श आणि ह यांच्या मधला हवेचा आवाज आहे. तो शिक्षकांकडून ऐकूनच घ्या.)

माझ्या त्या अकरा भावांच्या वाक्यात दुसरीही चूक होती, आणि ती मराठी माणूस हमखास करतो. आपला भाऊ अनेकवचनात बदलत नाही: एक भाऊ, अकरा भाऊ. बहीण बदलते, बहिणी होते. जर्मनमध्ये दोघंही बदलतात. ब्रूडरचं 'ब्र्यूडर', श्वेस्टरचं 'श्वेस्टर्न'. तो 'ब्र्यू' म्हणताना तोंडातून ई काढायची आणि ओठ मात्र ऊसारखे गोल ठेवायचे. ग्रिम बंधूंना तिकडे 'ब्र्यूडर ग्रिम' म्हणतात, मी त्यावरून लक्षात ठेवलं.

दादा आणि ताई यांना स्वतंत्र शब्द नाहीत. "माइन ब्रूडर इस्ट द्राय यारे एल्टर" म्हणजे भाऊ तीन वर्षांनी मोठा, धाकटा असेल तर 'युंगर'. ए-वनला असंच सांगा. 'माझा मोठा भाऊ' एका दमात म्हणायला गेलात की विशेषणाचे प्रत्यय मागे लागतात, ते पुढे शिकालच. एक सावधगिरी: 'माइन ग्रोसर ब्रूडर' म्हणजे थोरला भाऊ, पण "माइन ब्रूडर इस्ट ग्रोस" म्हटलं की तो उंच आहे असा अर्थ होतो. माझा थोरला पाच फूट तीन इंच आहे, तेव्हा हा घोळ मी घालून झालाय.

हाक मात्र नावानेच मारतात, मोठा असो की धाकटा. इथल्या एका मैत्रिणीने फोनवरचं माझं बोलणं ऐकून विचारलं, ही 'ताई' कोण? मी सांगितलं, माझी बहीण. मग साहजिकच पुढचा प्रश्न, तिचं नाव काय? "झी हाइस्ट..." म्हणून मी क्षणभर अडकले. ताईचं नुसतं नाव मी आयुष्यात कधी तोंडाने घेतलंच नव्हतं.

एक ठिकाण असं आहे की जिथे मराठी माणसाने कॉलर ताठ करावी. 'त्याचा भाऊ' झाइन ब्रूडर, 'त्याची बहीण' झाइने श्वेस्टर. 'तिचा भाऊ' ईर ब्रूडर, 'तिची बहीण' ईरे श्वेस्टर. शब्दाचं डोकं ज्याचं नातं त्याच्यावरून, शेपूट ज्याच्याशी नातं त्याच्यावरून. आपलं त्या-चा, त्या-ची, ति-चा, ति-ची अगदी हेच करतं. हिंदी 'उसका'मध्ये 'तो' की 'ती' हे कळतच नाही. वर्गातली हिंदीभाषक मुलं इथे आठवडाभर झगडत होती, आम्ही पाच मिनिटांत मोकळे.

लग्नानंतरची दीर-नणंदांसारखी नाती तर त्यांनी दोनच खणांत कोंबली आहेत. दीर, मेहुणा, बहिणीचा नवरा, सगळे 'श्वागर'. वहिनी, नणंद, मेहुणी, सगळ्या 'श्वेगरिन'. साडूला मात्र 'श्विपश्वागर' असा खास शब्द आहे, हे कळल्यावर माझा नवरा फार खूश झाला.

गोएथे इन्स्टिट्यूटची ए-वन परीक्षा देणार असाल तर, तोंडीच्या पहिल्या भागात ओळख करून द्यायला सात शब्द देतात: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद. त्यात भावंडं नाहीत, त्यामुळे तिथे घरचा वंशवृक्ष उघडायची गरज नाही. दुसऱ्या भागात चिठ्ठीवर एक विषय आणि एक शब्द असतो, त्यावरून शेजारच्या उमेदवाराला प्रश्न विचारायचा आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. तिथे कुटुंब हा विषय निघाला तर "हाबेन झी गेश्विस्टर?" हा तयार प्रश्न खिशात ठेवा. आणि तुम्हालाच कुणी विचारलं, तर फक्त सख्खे मोजा.