टोरंटोकडे येताय? अदलाबदलीसाठी सामान आणू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला. नाशिकच्या सोसायटीत चार वर्षं तुम्ही ‘द्या-घ्या’चा व्हॉट्सॲप ग्रुप चालवलात, आता फेब्रुवारीत कॅनडाच्या पीआरवर, म्हणजे कायम राहायच्या परवान्यावर, सहकुटुंब टोरंटोशेजारच्या मिसिसागाला येताय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. अदलाबदलीवर घरातलं सामान जमेल का? बदल्यात द्यायला तिकडून जास्तीच्या समया, पैठण्या, स्टीलचे डबे आणावेत का? आणि आल्याआल्या आपल्या माणसांचा असाच ग्रुप काढावा का? मी मूळची साताऱ्याची, २०१६ पासून इथे. आमच्या तीन टॉवरचा असा ग्रुप सांभाळणाऱ्या चौघींपैकी एक. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मधला प्रश्न आधी घेते, कारण त्यात खिशाला चाट बसू शकते. पीआर घेऊन राहायला येताना आपलं घरसामान कस्टम ड्यूटी न भरता आणता येतं. अट एवढीच की ते येण्याआधीच तुमच्या मालकीचं, तुमच्या ताब्यात आणि वापरातलं असावं. त्याची यादी दोन प्रतींत करून विमानतळावर द्यायची. मागून काही येणार असेल तर त्याचीही यादी त्याच वेळी, नंतर आठवलं तर उपयोग नाही. आता जी अट फारसं कुणी वाचत नाही ती सांगते: असं माफीत आणलेलं सामान पहिल्या वर्षभरात विकलं किंवा कुणाला देऊन टाकलं, तर त्यावरची ड्यूटी तेव्हा भरावी लागते. म्हणजे तुमच्या कोऱ्या समया दोन्हीकडून अडकल्या. वापरलेल्या नाहीत म्हणून त्यांना माफी नाही, आणि वापरलेल्या म्हणून आणल्या तर बारा महिने त्या कुणाला द्यायच्या नाहीत.

शिवाय इथे समई घेणार कोण? मागच्या दिवाळीआधी आमच्या ग्रुपवर एक देखणी समई आली होती, नागाच्या फण्याची. दोन महिने पडून राहिली, शेवटी जिची तिने परत घरात ठेवली. त्याच आठवड्यात आलेला, इथल्या विजेवर चालणारा ११० व्होल्टचा मिक्सर सात मिनिटांत गेला. कारण सोपं आहे. इथे घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडचा मिक्सर २३० चा. तो इथे लावला तर चटणी तर सोडाच, दाण्याचं कूटही धड होत नाही. सगळे आणतात, सगळे पस्तावतात, आणि मग इथे चालणाऱ्या भारतीय मिक्सरसाठी रांग लागते. तेव्हा २३ किलोच्या बॅगेत मिक्सर नको आणि पितळही नको. कुकरच्या जास्तीच्या रिंगा आणि शिट्ट्या मात्र आणा, स्वतःसाठी.

आता घरातलं सामान जमवण्याचं. इथे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे ग्रुप दोन जातींचे असतात आणि नवखा माणूस तिथेच चुकतो. एक जात नुसतं देण्याची. २०१३ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बेनब्रिज बेटावर दोन मैत्रिणींनी ‘बाय नथिंग’ सुरू केलं, तो प्रकार आता इथेही गल्लोगल्ली आहे. त्यात द्यायचं ते फुकट, मागायचं ते फुकट. ‘मी हे देते, तुम्ही ते द्या’ असं लिहिलंत तर पोस्ट उडते. त्याच्या दहा वर्षं आधी ॲरिझोनात सुरू झालेलं ‘फ्रीसायकल’ही त्याच जातीचं. दुसरी जात खऱ्या अदलाबदलीची, आणि तिचं टोरंटोतलं नाव ‘बन्झ’. तेही २०१३ चंच. एमिली बिट्झ नावाच्या तरुणीने काढलेला फेसबुक ग्रुप. नियम एकच, पैसा चालणार नाही. पण पैशाशिवाय सुट्ट्याची अडचण येतेच. माझी खुर्ची तुमच्या दिव्यापेक्षा भारी, मग वरची रक्कम कशी फेडायची? लोकांनी आपोआप दोन नाणी शोधली, बियरचा उंच कॅन आणि सबवेच्या, म्हणजे मेट्रोच्या प्रवासाचं टोकन. मी आले तेव्हा ‘तीन टोकनं आणि एक झाड’ असे भाव मी स्वतः वाचलेत. पुढे त्याचं ॲप झालं, २०१८ मध्ये त्यांनी स्वतःचं डिजिटल चलनही काढलं. मला विचाराल तर तिथेच मजा गेली, चलन आलं की लोक हिशेबाला बसतात. २०१९ च्या अखेरीस टीटीसीने, म्हणजे टोरंटोच्या सार्वजनिक वाहतूक सेवेने, टोकनं विकणंही थांबवलं.

आपल्याला यात नवीन काय आहे म्हणा. बोहारणीपुढे बसून ‘तीन साड्यांत एवढंसंच पातेलं?’ म्हणत हुज्जत घालणाऱ्या आयांच्या आपण मुली. पण ती हुज्जत इथे चालत नाही, हे लक्षात ठेवा. इथे एकदा विचारायचं, नाही म्हणाले तर ‘थँक्यू’ म्हणून गप्प बसायचं. घासाघीस करणाऱ्याला कुणी बोलत नाही, फक्त पुढच्या वेळी उत्तर देत नाही.

फेब्रुवारीत येताय, तर महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांवर डोळा ठेवा. घरं बहुतेक एक तारखेला बदलतात. त्याआधी सामानाची लिफ्ट लागोपाठ बुक असते आणि टेबलं, शेल्फं, दिवे, ताटल्या अक्षरशः द्यायला काढलेल्या असतात. लाकूड, धातू, काच, भांडी बिनधास्त घ्या. मुलांचे बर्फातले बूट आणि स्नोसूट तर विकत घेऊच नका, एका हिवाळ्यात मूल त्यातून बाहेर येतं. आमच्या ग्रुपवर ऑक्टोबरात निम्म्या पोस्टी बुटांच्याच असतात.

गादी आणि कापडी सोफा मात्र नाही म्हणजे नाही. मी केलंय, म्हणून सांगते. पहिल्याच महिन्यात इमारतीखाली कुणी ठेवलेली जवळजवळ कोरी गादी आम्ही दोघांनी ढकलत वर आणली. केवढा आनंद! तीन आठवड्यांनी लेकीच्या दंडावर एका ओळीत चार लाल गांधी. गादीच्या शिवणीत नख घातलं तर मिरपुडीसारखे बारीक काळे ठिपके आणि एक जिवंत ढेकूण. फवारणी दोनदा झाली, प्रत्येक कपडा ड्रायरमध्ये कडक तापवला, पुस्तकं पिशव्यांत बांधली. फुकटची गादी त्या वर्षातली सगळ्यात महागाची खरेदी ठरली. आता लाकडी खाटही घेतली तर मी आधी स्क्रूच्या भोकांत टॉर्च मारते.

लहान मुलांच्या वस्तूंतही तीन पथ्यं. कार सीट घ्यायची तर तिच्यावर वर्तुळातल्या मेपलच्या पानाचं कॅनडाचं सुरक्षा चिन्ह हवं आणि तिची मुदत उलटलेली नको. हो, कार सीटलाही एक्स्पायरी असते. भारतातली सीट इथे चालत नाही, आणू नका. एक बाजू खाली सरकणारा पाळणा कुणी दिला तरी घेऊ नका, तसे पाळणे इथे बंद झालेत. आणि चाकांचा वॉकर तर २००४ पासून बेकायदेशीर आहे, विकायलाही आणि बाहेरून आणायलाही. आजी प्रेमाने देईल, तिला आधीच सांगा.

आता तुमचा खरा प्रश्न, ग्रुप काढण्याचा. काढा, पण पहिलं वर्ष नको, आणि ‘आपल्या माणसांचा’ तर नकोच. मराठी घरं इथे विखुरलेली आहेत. ब्रॅम्प्टनहून एक आणि स्कारबरोहून एक, मध्ये चाळीस किलोमीटर बर्फ. दोन वाट्यांच्या सेटसाठी कोण गाडी काढणार? अदलाबदल चपला घालून जाता येईल एवढ्याच अंतरात टिकते. आमचा ग्रुप २०१९ मध्ये अकरा घरांचा होता. त्यात मराठी मी एकटी. बाकी फिलिपिनो, पंजाबी, सोमाली, एक पोलिश आजोबा.

सुरुवातीला आम्हीही फार हुशारी केली. वस्तू ठीक, पण कामांचीही देवघेव करू म्हणून वही घातली. एक तास काम, एक तास जमा. नुसत्या नोंदीवर देवघेव ही कल्पना आमची नव्हे. कॅनडातच, व्हँकुव्हर बेटावरच्या कोमॉक्स खोऱ्यात १९८३ साली मायकेल लिंटन यांनी ‘लेट्स’ नावाची अशी पद्धत सुरू केली होती. गावात काम करणारे हात होते, पण पैसा खेळत नव्हता, म्हणून तासांऐवजी ‘हिरव्या डॉलर’मध्ये नुसती खात्यावर नोंद. मला तर ती सावडच वाटली. आज माझ्या शेतात तुझे बैल, उद्या तुझ्या शेतात माझे. पण सावडीत दोघांकडेही शेत असतं. आमच्या वहीत एकीने सहा तास मुलं सांभाळली, एकाने एका तासात सगळ्या घराचे टॅक्सचे फॉर्म भरून दिले, आणि पोलिश आजोबांनी पहाटे पाचला गाडीवरचं बर्फ उपसलं. तिघांचा तास सारखा का? पाचव्या महिन्यात लिफ्टमध्ये दोघी एकमेकींशी बोलेनात. वही बंद केली. आता काम असेल तर दोघांत परस्पर ठरवा, ग्रुपवर हिशेब आणू नका.

वही बंद झाली ते एका अर्थी बरंच झालं. नेहमीचा स्वतःचा धंदा कुणी अदलाबदलीत करत असेल तर त्या कामाची किंमत इथलं कर खातं उत्पन्नात धरतं. आणि सुपर व्हिसावर, म्हणजे इथल्यांच्या आईवडलांना, आजीआजोबांना लांबच्या मुक्कामासाठी मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या आजींना ‘सहज बसल्यात तर’ म्हणून शेजारच्यांची मुलं सांभाळायला देऊन बदल्यात काही घेऊ नका. पैसे हातात आले नाहीत तरी ते काम धरलं जाऊ शकतं, आणि वर्क परमिट नसताना काम म्हणजे त्यांच्याच व्हिसाला घोर.

आमचे आज टिकलेले नियम थोडेच आहेत, सगळे कुठल्या ना कुठल्या भांडणातून आलेले. वस्तूचा दोष फोटोत दिसला पाहिजे आणि लिहिलाही पाहिजे. पहिल्याने ‘मला’ लिहिलं म्हणून त्याला मिळत नाही. रात्री नऊपर्यंत थांबायचं, मग देणारा ठरवणार. हा नियम रात्रपाळीवाल्यांसाठी केला, ते दिवसा झोपलेले असतात आणि उठेपर्यंत सगळं संपलेलं असायचं. घराचा नंबर ग्रुपवर टाकायचा नाही, देणंघेणं खाली लॉबीत. कुणीही ‘धरून ठेवते, आधी थोडे ई-ट्रान्सफर करा’ म्हणालं तर ती व्यक्ती त्याच दिवशी बाहेर. हे तुम्ही घर शोधतानाही लक्षात ठेवा, घर न पाहता डिपॉझिट पाठवू नका.

घरचं खाणं सौद्यात घालत नाही. आपलं दाण्याचं कूट कशाकशात असतं ते आपल्यालाही आठवत नाही, आणि इथे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल जवळजवळ प्रत्येक शाळेत सापडेल. मी एकदा साबुदाण्याची खिचडी डब्यात घालून लॉबीपर्यंत नेली होती. समोरचीने सहज विचारलं, ‘नट्स नाहीत ना?’ माझा हात तिथेच थांबला. शेजारणीने दिलेली वाटी रिकामी परत करवत नाही ही आपली खोड, म्हणून मी आता तीत लिंबं किंवा संत्री घालून देते.

तुम्ही आल्यावर आधी राहत्या इमारतीचा ग्रुप शोधा. लॉबीतल्या फळ्यावर किंवा कपडे धुण्याच्या खोलीत कागद चिकटवलेला असतो. पहिली पोस्ट मागण्याची टाकू नका. सामानाचे खोके रिकामे होतील, त्यांचा फोटो टाका, ‘घर बदलणाऱ्या कुणाला हवेत का?’ एका तासात कुणीतरी नेईल आणि तुमचं नाव लोकांना कळेल.

येण्याची तारीख ठरली की कळवा. माझ्याकडे खाली लॉकरमध्ये एक ११० व्होल्टचा मिक्सर आहे, तुमच्यासाठी बाजूला ठेवते. मोठ्या भांड्याच्या झाकणाला चीर आहे, वाटताना वरून हात दाबून धरावा लागतो.