तासगावच्या आमच्या द्राक्ष गटाचा फवारणीचा तक्ता सगळ्यांनी मिळून कसा भरायचा?

गूगल शीट्सवर एकच तक्ता करा आणि गटात त्याची लिंक द्या, एक्सेलची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. फाइल पाठवली की प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळी प्रत होते; मग औषध, प्रमाण, तारीख नक्की कुणाच्या प्रतीतली खरी, यावरच वाद. सांगलीत बागायतदारांच्या नोंदी ठेवायचं माझं काम आहे, म्हणून ठामपणे सांगतो. ‘शेअर’मध्ये नोंदी भरणाऱ्यांना एडिटर करा, बाकीच्यांना व्ह्यूअर. कुणी चुकून रकाना पुसलाच, तर कॉम्प्युटरवर फाइल मेनूतल्या व्हर्जन हिस्ट्रीतून आधीचा तक्ता परत आणता येतो. मात्र तक्ता कुणा एकाच्या खात्यावर नको, गटाच्या ईमेलवर करा. मालकाचं खातं बंद झालं की तक्ताही जातो.