मोबाइलवर लांब समीकरण दुसऱ्या ओळीवर का जात नाही?

आधी मॅथजॅक्सची, म्हणजे वेबपानावर गणिती सूत्रं दाखवणाऱ्या लायब्ररीची, आवृत्ती बघा. तुम्ही म्हणता की मॅथजॅक्स २ वर समीकरणं आपोआप तुटायची आणि ३ वर गेल्यापासून स्क्रीनबाहेर पळतात. सेटिंग शोधण्यात वेळ घालवू नका, ३ मध्ये ती सोयच नाही. ४ मध्ये ती परत आली आहे: आउटपुटच्या सेटिंगमध्ये 'डिस्प्लेओव्हरफ्लो'ला 'लाइनब्रेक' ही किंमत द्या.

मॅथजॅक्सऐवजी केटेक (तसंच काम करणारी दुसरी लायब्ररी) वापरत असाल तर वेगळं लक्षात ठेवा. तिथे वाक्यातलं सूत्र बरोबर, अधिक, उणे अशा चिन्हांनंतरच तुटतं आणि तेही चिन्ह सगळ्यात बाहेरच्या पातळीवर असेल तरच. अख्खं सूत्र महिरपी कंसात गुंडाळलं, किंवा लांब बेरीज 'लेफ्ट-राइट'वाल्या आपोआप वाढणाऱ्या कंसांत घातली, की ते एकसंध राहतं. बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो. साधे कंस लावा, ओळ लगेच मोडते.

स्वतंत्र ओळीवरचं समीकरण केटेक आपणहून तोडत नाही. ते 'अलाइन्ड'मध्ये (अनेक ओळी एकाखाली एक मांडणाऱ्या रचनेत) घालून तुम्हीच तोडा. बरोबरच्या चिन्हाआधी तोडलेलं वाचायला सोपं जातं, आणि लेखकाने विचार करून निवडलेली जागा यंत्राच्या निवडीपेक्षा मला केव्हाही बरी वाटते.

तोडायचंच नसेल तर समीकरणाच्या डब्याला (ते ज्या घटकात आहे त्याला) सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या नियमांत, 'ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो' द्या. तरी पान आडवं सरकत असेल, तर तो डबा बहुधा फ्लेक्स मांडणीत (घटक एका रांगेत लावणाऱ्या सीएसएस पद्धतीत) आहे. त्या फ्लेक्स घटकाला 'मिन-विड्थ: ०' द्या.