ऑफिसच्या ट्रेनिंगची थाप आणि बंगळुरूचा रस्ता

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांची. गंगापूर रोडला आई-बाबांसोबत राहते, अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दर गुरुवारी रात्री ऑनलाइन ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळते. आमच्या ग्रुपमधलं कुणीच कुणाला प्रत्यक्ष भेटलेलं नाही. पुढच्या महिन्यात बंगळुरूला अशा खेळांचं दोन दिवसांचं कन्व्हेन्शन आहे, तिथे सगळे जमणार आहेत. मला स्वतःची गाडी घेऊन एकटीने जायचंय. आजवर एकटी शिर्डीच्या पुढे गेलेली नाही. घरी ‘पुण्याला ऑफिसचं ट्रेनिंग’ असं सांगून ठेवलंय, नाहीतर आई लगेच स्थळांचा विषय काढेल. पण खरी भीती वेगळीच आहे. स्क्रीनमागे मी भरपूर बोलते, समोर अनोळखी माणसं बसली की तोंडाला कुलूप लागतं. जाऊ की नको?
– ‘एकटी’, नाशिक

उत्तर : जा. पण ती ट्रेनिंगची थाप आधी मोडीत काढ.

थापा मारू नयेत असा उपदेश मी करणार नाही. एकतिसाव्या वर्षी आई-बाबांकडे राहणाऱ्या मुलींना त्या का माराव्या लागतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. माझा आक्षेप व्यवहाराचा आहे. तू पुण्यात आहेस असं घरचे समजतायत आणि गाडी चित्रदुर्गाजवळ बंद पडली, तर फोन कुणाला करशील? आधी थाप निस्तरशील की गाडी? एकटीने लांब जाताना तू कुठे आहेस हे घरी कुणाला तरी नीट माहीत हवं, बाकीची खबरदारी त्यानंतरची. शिवाय फास्टॅग बाबांच्या मोबाइलला जोडलेला असेल तर तासवडेच्या टोलचा मेसेज परस्पर घरी पोचेल. पुण्याला ट्रेनिंगला गेलेली मुलगी कराडला काय करतेय, याचं उत्तर मला तरी सुचत नाही.

आईला सांगताना फाशांपासून सुरुवात करू नकोस. फासे म्हटलं की आपल्याकडे शकुनीमामा हजर होतो आणि बोलणं थेट पैशांवर जातं. सांग की चार-सहा जण टेबलाभोवती बसून मिळून एक गोष्ट रचतात. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र तिथे काय करेल ते सांगतात. भिंतीवरून उडी जमली की नाही, एवढ्यापुरता वीस बाजूंचा फासा. ‘पोरखेळ’ म्हणालीच, तर सांग की १९७४ साली अमेरिकेत हा खेळ काढणाऱ्या दोघांपैकी गॅरी गायगॅक्स हा पाच मुलांचा बाप होता आणि त्याआधी विमा कंपनीत नोकरी करत होता. दुसरा डेव्ह आर्नेसन. आणि गायगॅक्सने लेक जिनिव्हा नावाच्या गावी खेळवेड्यांचा पहिला मेळावा भरवला तो १९६८ मध्ये, म्हणजे अनोळखी माणसांसोबत टेबलावर बसायची ही रीत तुझ्या खेळाहूनही जुनी.

एवढ्याने आईला पटेलच असं नाही. स्थळांचा विषय निघेल. तो तू ट्रेनिंगला गेलीस तरी निघणारच आहे.

आता कुलपाबद्दल, कारण पत्रातलं खरं दुखणं ते आहे. ऑनलाइन खेळताना वाक्य मनात जुळवायला वेळ मिळतो, फासा कॉम्प्युटर टाकतो आणि बेरीजही तोच करतो. टेबलावर हे सगळं तुझ्याकडे येतं, तेही चार जण बघत असताना. अकाउंट्सवालीला बेरजेचं काय भय, असं म्हणशील, पण घाबरलेल्या माणसाला सतरा अधिक पाचसुद्धा पटकन येत नाही. तेव्हा सात फाशांचा सेट आताच मागव आणि रोज रात्री डायनिंग टेबलावर टाकून बघ. आठ बाजूंचा आणि दहा बाजूंचा फासा घाईत सारखेच दिसतात. चार बाजूंचा तर घरंगळतच नाही, पडतो तिथेच बसतो. हाताला ओळख झाली की चाचपडायला होत नाही. कॅरॅक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राच्या माहितीचा कागद, पेन्सिलीने लिहायची सवय कर, कारण हिट पॉइंट्स, म्हणजे पात्रात किती जीव उरलाय त्याचे आकडे, सारखे खोडावे लागतात. मान खाली घालून खोडत बसायला मिळतं, हा लाजाळू माणसाचा वरचा फायदा.

आवाज बदलून नाटक करायची सक्ती कुठेच नसते. ‘ती पहारेकऱ्याला गोड बोलून वाटेला लावते’ एवढं म्हटलंस तरी तो पुरेपूर खेळ झाला. कन्व्हेन्शनमधले खेळ बहुतेक वन-शॉट असतात, तीन-चार तासांत संपणारे, अनेकदा पात्रही तयार हातात देतात. बसल्याबसल्या डीएमला, म्हणजे प्रसंग सांगणाऱ्या डंजन मास्टरला, सांगून टाक की टेबलावर पहिलीच वेळ आहे. डीएमला अशांची सवय असते. कित्येक टेबलांवर फुली मारलेलं एक कार्ड ठेवतात. प्रसंग नकोसा वाटला तर त्यावर बोट ठेवायचं, कारण न विचारता प्रसंग बदलतात. नसेल तर ‘ठेवू या का?’ असं विचारायला लाजू नकोस.

एक गोष्ट तुला उलटी वाटेल. पहिला खेळ आपल्या ग्रुपसोबत खेळू नकोस. त्यांना गुरुवारची बडबडी तू माहीत आहेस, त्यांच्यापुढे गप्प झालीस तर तुलाच जास्त लागेल. अनोळखी टेबलाला तुझ्याकडून काहीच अपेक्षा नसते. ग्रुपला आदल्या संध्याकाळी चहाला भेट, चारचौघांत, एखाद्या गजबजलेल्या हॉटेलात. राहायची खोली मात्र स्वतंत्र घे, कितीही जुनी ओळख असली तरी.

रस्ता त्या मानाने सोपा आहे. शिर्डीवरून एकदम बंगळुरू नको. आधी एका रविवारी एकटी पुण्याला जाऊन ये. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, जाऊन-येऊन सव्वाचारशे किलोमीटर होतात, आणि चाकणच्या कोंडीत आपण किती चिडतो तेही कळतं. मग ठरव. नाशिक ते बंगळुरू साधारण १०५० किलोमीटर, बेळगाव जेमतेम निम्म्यावर येतं. तिथे मुक्काम कर, मराठी चालतं, खोली-जेवण विचारताना अडत नाही. पहाटे निघ, अंधार पडायच्या आत पोच, आणि पोचल्यावर घरी फोन. हायवेवर अडलीस तर १०३३ ही राष्ट्रीय महामार्गांची मदत लाइन आहे, गाडीतच लिहून ठेव. विमानाने का नाही जात, असं बाबा विचारतील. गाडी चालवायची हौस आहे म्हणून, एवढंच उत्तर दे. हौसेला सबबी जोडत बसलीस की ते सोडवत बसतील.

जायचं सगळे नीट ठरवतात, परतायचं कुणी ठरवत नाही. रविवारी संध्याकाळी शेवटचा खेळ संपेल तेव्हा तुझा घसा बसलेला असेल, झोप धड झालेली नसेल आणि डोक्यात अजून खेळातली गुहाच असेल. त्या अवस्थेत स्टिअरिंग हातात घ्यायचं नाही. सोमवारी सकाळी निघ, बेळगावला राहा, मंगळवारी घर. बुधवारी ऑफिसला गेलीस तरी बास. रजेचा अर्ज आत्ताच टाक, महिनाअखेर येत असेल तर साहेबांशी आधी बोल. कारणात ‘वैयक्तिक काम’ लिही. ऑफिसला त्याहून जास्त सांगायची गरज नाही.